टाकीतला कात

बा, टाकी रिकामी करून आठवडा होऊन गेला. हे मी मानकोलीच्या गाळ्यात, वजनकाट्याशेजारच्या टेबलावर बसून लिहितोय. सकाळची वेळ आहे. समोर टाकी उभी आहे, झाकण उघडं, आत काही नाही, आणि तिच्या पलीकडे कालपासून पुठ्ठ्याची खोकी येऊन पडायला लागली आहेत. टाकी म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे पाण्याची टाकी येईल. तशी नाही ती. आधी तीच नीट सांगतो. अर्धवट सांगितलेलं मला आवडत नाही, आणि तुलाही चालत नसे.

पुरुषभर उंचीचं स्टीलचं भांडं, दुहेरी भिंतीचं. दोन भिंतींच्या मधून गरम किंवा गार पाणी फिरवायचं, म्हणजे आतली ऊब हवी तेवढीच राहते. आत घुसळायला दांडा, त्याला पाती. खालून हवा सोडायची, वरून साखरेचा पाक थेंबाथेंबाने द्यायचा. एका अंगाला बशीएवढी जाड काच, आत बघायला. या भांड्यात आम्ही जंतू वाढवत होतो. रोगाचे नव्हेत. माणसाच्या आतड्यात असतात त्यांच्यातलेच, पण लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पाळून निरुपद्रवी केलेले. झाडाच्या आत कात कसा तयार व्हावा याची एक कृती असते, तिचे तुकडे उचलून या जंतूंच्या अंगात बसवलेले. मग जंतू साखर खातो आणि कात करतो. म्हणजे अख्खा कात नाही, कातातलं मूळ तुरट द्रव्य. त्याला कॅटेचिन म्हणतात. खैराला हात लावायचा नाही, कुऱ्हाड नाही, धूर नाही. हे ऐकून तू काय म्हणाला असतास ते मला ठाऊक आहे. "मंग आपली लोकं कशाला जंगलात मेली?"

भट्टी आठवते तेव्हा मी लहान आहे, थंडीचे दिवस आहेत आणि माझ्या अंगात तुझा फाटका सदरा आहे. ठेकेदाराने दाखवलेल्या खैराला तू शेंदूर लावतोस, बुंध्याशी नारळ ठेवतोस, ओठातल्या ओठात काहीतरी म्हणतोस आणि मगच कुऱ्हाड उचलतोस. बाहेरचं पांढरं लाकूड टाकून द्यायचं, आतला लाल गाभा घ्यायचा, त्याच्या चिपा करायच्या. जमिनीत खणलेल्या लांब चुलाणावर मडकी ओळीने बसवलेली असतात. चिपा उकळतात. आय पाठमोरी बसून लाकडी पळीने ढवळतेय. धुराने माझे डोळे चुरचुरतात आणि मी एका मडक्याखालचं जळतं लाकूड मागे ओढतो. पाण्याला चहाचा रंग आलेला असतो, मला वाटतं झालं. तेवढ्यात मागून तुझा पंजा डोक्यात बसतो. "रगत उतरलं न्हाय अजून! झाड मारलं ना आपण? मंग त्याचं सगलं घ्यावं लागतं. अर्धं टाकायचं आसंल तर हात लावू नये." फार जोरात नाही मारलंस. पण ते लाकूड परत आत सारताना तू माझा हात धरून ठेवला होतास, आणि पाणी चहासारखं होतं ते विटेसारखं झालं, विटेचं रक्तासारखं झालं, तोवर सोडला नाहीस.

मग ते लाल पाणी आटवून, डब्यांत भरून, कावडीने कशेळीला न्यायचं. खाडीवरचे लोक त्यात जाळी बुडवायचे. मी तुझ्या मागे धावत यायचो, ही माझी सगळ्यात आवडती वाट. एक म्हातारा डब्यात बोट बुडवून उन्हात धरायचा आणि बोटाकडे बघत म्हणायचा, "आता कसा लाल दिसतोय!" तेव्हा तू माझ्याकडे बघायचास. रंगवलेली जाळी खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नसत. का कुजत नसत, ते मला चाळीस वर्षांनी कळलं. हे तुरट द्रव्य झाड स्वतःच्या रक्षणासाठी करतं. कीड, बुरशी, जंतू यांना ते सोसत नाही. जाळं कुजवणारे जंतूच त्यात मरायचे.

पुढचं तुला माहीत आहे. जंगलखात्याचे गार्ड आले आणि त्यांनी मडकी फोडली. ठेकेदार त्या दिवसापासून दिसला नाही. त्यानंतर वीटभट्टी, आणि वीटभट्टीवर तुझा खोकला. तू गेलास तेव्हा मला मिसरूड फुटत होतं. मी भिवंडीला आलो. कामतघरला लूमवर सुताच्या कांड्या भरायला लागलो. अक्षरं मी दुकानांच्या पाट्यांवरून शिकलो, हिंदी लूमवाल्यांच्या शिव्यांवरून. मग डाइंगमध्ये गेलो. तिथे ड्रमवर इंग्रजी लिहिलेलं असायचं. जुन्या बाजारातून डिक्शनरी घेतली आणि एकेक शब्द फोडून खाल्ला. पाण्याचा आंबटपणा कागदाच्या पट्टीने कसा मोजतात, आधी रंग की आधी मीठ, किती ऊब झाली की कापड रंग धरतं, सगळं आपलं आपण. मला कुणी शिकवलं नाही. हे मी बऱ्याच लोकांना बऱ्याचदा सांगितलंय, जरा जास्तच, पण तुला सांगायचं राहिलं होतं.

डाइंग बंद पडल्यावर मी इथे आलो. पुण्याहून आलेल्या एका मॅडमने हे काम उभं केलं होतं. वयाने माझ्या मुलीएवढी. गाळा इथल्याच एका शेटचा. त्याच्या घराण्याची भातशेती आणि मिठागरं होती, आता त्या जमिनीवर गोडाऊनं आहेत. शेटने पैसाही घातला होता. मला घेतलं व्हॉल्व्ह आणि पाइप बघायला. मशीनबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक मी दोनदा वाचून काढलं, आणि जे कळलं नाही ते मॅडमला विचारलं. ती कंटाळायची नाही. पेन खाली ठेवायची आणि फळ्यावर काढून दाखवायची. वर्षाच्या आत टाकी माझ्या हातात आली. बॉयलरवर उत्तर प्रदेशातला एक जण आहे, तो मला उस्ताद म्हणायला लागला. आधी चेष्टेने, मग सवयीने.

या जंतूंचं एक बघ बा. जे द्रव्य झाड जंतूंना मारायला करतं, तेच आम्ही जंतूंकडून करून घेतो. ते जसजसं पाकात वाढतं तसतसे जंतू सुस्त होतात, वाढायचे थांबतात. आणि त्यांच्यातही कामचुकार निघतात. अंगात बसवलेली कृती टाकून देतात, काम करत नाहीत आणि भराभर वाढून कामकरी जंतूंचा चारा खाऊन टाकतात. म्हणून दर वेळी मूळ बीजापासून नवी सुरुवात करायची. मॅडमने हे समजावलं तेव्हा मला वीटभट्टी आठवली. तिला म्हणालो, "म्हणजे यांना यांच्याच विषात राबवायचं." ती हसली नाही. म्हणाली, "दादा, असं नका ना बोलू, मला मग रात्री झोप येत नाही."

शेटला एवढं खोलात शिरायचं नसे. तो पाहुणे आणायचा. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून ते टाकीभोवती फिरायचे. शेट माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "ह्यांच्या बापजाद्यांनी खैर तोडून कात केला. आता ह्यो बिगर झाडाचा करतोय. आमच्या आज्यानं ह्यांच्याच कातात जाळी रंगवली हायेत, काय रं?" मी मान हलवायचो. पहिल्यांदा राग आला होता, झाडं काय आमच्या लोकांनी स्वतःसाठी तोडली? पण शेटचा हात जड आणि मायेचा होता, आणि खोटं काही तो बोलत नव्हता. मग मी पाहुण्यांना सगळं समजावून सांगायचो. हवा किती, पाक किती. आणि हे द्रव्य हवेला आणि खाराला, म्हणजे आंबटाच्या उलट असतं त्याला, फार हळवं असतं, शुद्ध असेल तर पांढरट, बिघडलं की लाल. हेही मीच सांगायचो. ध्यानात ठेव.

मागच्या पावसाळ्यानंतर शेट मॅडमशी स्पष्ट बोलला, माझ्यासमोरच बोलला. "मॅडम, शेजारचा गाळा पार्सलवाल्यांनी घेतला. ह्यो बी मागतायत. मी थांबलोय, पन किती थांबू?" औषधाचा एक व्यापारी तयार झाला होता. त्याला पांढरट पूड हवी होती, नमुना पसंत पडला तर मोठी ऑर्डर देणार होता. म्हणजे मोठी टाकी, आणि ती मी चालवायची. नमुना नापसंत झाला तर गाळा पार्सलवाल्यांच्या खोक्यांना. एवढ्या एका बॅचवर सगळं होतं, आणि हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. बॉयलरवाल्याने दर्ग्यावर चादर बोलली होती.

बॅच सुरेख चढली. जंतू वाढले, मग कामाला लागले. मॅडम त्या व्यापाऱ्याला भेटायला पुण्याला गेली. जाताना म्हणाली, "दादा, तुम्ही आहात म्हणून जातेय." दुपारी मी जेवून आलो, हात धुतले आणि काचेतून आत बघितलं. पाकाला रंग आला होता. आधी फिका, चहासारखा. स्क्रीनवर बघितलं तर आकडे सगळे जागच्या जागी. टाकीत एक काचेची कांडी असते, प्रोब, ती आतला आंबटपणा मोजते. आंबटपणा वाढला की पंपाला सांगते आणि पंप तो मारायला अमोनिया सोडतो, अमोनिया म्हणजे खारच. तीही शांत दिसत होती. मी स्टूल ओढून काचेपुढे बसलो. रंग चहाचा होता तो विटेचा झाला. बा, खरं सांगतो, माझ्या मनात भीतीचा कणही आला नाही. मला वाटलं, उतरतंय. मी बॉयलरवाल्याला हाक मारली, "आ, देख, कैसा रंग चढ़ा है!" त्याने काचेला नाक लावलं. "वाह उस्ताद! चूना कहाँ है, पान लगाता हूँ।" आम्ही दोघं हसलो. संध्याकाळी उतरत्या उन्हात काच रक्तासारखी लाल झाली आणि मी ड्युटी संपल्यावरही कितीतरी वेळ तिथेच बसून राहिलो.

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी आली. बॅग खांद्यावरच होती.

"दादा, हे कधीपासून असं आहे?"

"काल दुपारपासून. मस्त उतरलंय."

"मस्त?"

तिने बॅग जमिनीवर ठेवली, टाकीतून थोडं पाणी काढलं, हातातलं मीटर त्यात बुडवलं आणि मीटर माझ्याकडे वळवलं. आकडा पार खाराकडे चढला होता. प्रोब खोटं बोलत होता. आतलं पाणी आंबट होतंय असं तो सांगत राहिला आणि पंप त्याचं ऐकून अमोनिया ओतत राहिला. सगळं कॅटेचिन खारात आणि हवेत जळून लाल झालं होतं.

"लाल म्हणजे गेलं ना, दादा," ती हळू म्हणाली. "तुम्हीच तर सगळ्यांना सांगता."

"हो."

"मग तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं. तेच तर बघत बसलो होतो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पुढे सगळ्यांसमोर तिने प्रोब बिघडला एवढंच सांगितलं, आणि प्रोब बिघडलाच होता. पण तो बिघडतो म्हणूनच तर टाकीपाशी माणूस ठेवतात. रोज शिफ्टला लागताना मी पट्टीने पाणी तपासायचो, त्या दिवशीही सकाळी तपासलं होतं. रंग जरा जरी चुकीचा वाटला असता तरी दुपारी पुन्हा तपासलं असतं. मला तो चुकीचा वाटलाच नाही. या गाळ्यात दुसरा कोणीही असता, काल लागलेला हेल्पर असता, तरी लाल बघून त्याने धावत फोन केला असता. मी स्टूल ओढून बसलो.

तरीही आम्ही जे वाचलं ते गाळून, सुकवून पूड केली. व्यापाऱ्याने चिमूटभर बोटांवर चोळली आणि कागदाला हात पुसला. "असा तर टपरीवर मिळतो." मग टाकीला वाफ देऊन आतले सगळे जंतू मारले. तसं करावंच लागतं, असले जंतू जिवंत गटारात सोडता येत नाहीत. मेलेल्या पाकाचा वास गाळ्यात भरून राहिला. खालचा नळ मीच उघडला. नाली लाल झाली. मॅडमने जंतूंचं मूळ बीज बर्फात घातलं आणि पुण्याला नेलं. निघताना माझ्या पाया पडली. तिने तसं करायला नको होतं.

शेट दोन दिवसांनी आला. "मनाला लावून घेऊ नको रं. तुला ठेवतो हितंच, गेटवर. कुठला ट्रक आला, काय उतरलं, बघायचं. तुझ्यासारखा बारीक नजरेचा मानूस मला दुसरा कुठं मिलनार?" टोमणा नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटत होतं. मी हो म्हणालो.

परवा मी पाड्यावर गेलो. आते अजून आहे. तुझी धाकटी बहीण, पाठीत वाकली आहे, पण जीभ तशीच. तिला मी टाकीचं काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "आते, बा कात करायचा तेव्हा लाल झाल्यावर पुढं काय बघायचा?" मला खात्री करून घ्यायची होती की मी बरोबर लक्षात ठेवलंय. कोणी तरी म्हणावं, की चूक तुझ्या बापाच्या डोळ्याची नाही.

ती तोंडातलं पान थांबवून माझ्याकडे बघायला लागली. मग हसत सुटली.

"तुझा बा? तो काय बघनार? तो लाकडं फोडायचा आन वरडायचा. कात तुझी आय करायची."

"पण तोच म्हणायचा, रगत उतरू दे."

"ती मान हालवायची, मंग तो वरडायचा. तुला वरडलेलं ऐकू आलं, मान न्हाय दिसली." तिने पिंक टाकली. "आन लाल तर कुनाचं बी व्हायचं रं. लाल झाल्यावर खरं काम. फडक्यातून गालायची, आटवायची, मंग थंड जाग्याला ठेवायची, हालवू द्यायची न्हाय कुनाला. खाली फिकं बसायचं. त्योच कात. वरचं लाल पानी जाळ्यांना. फिकं किती बसंल ते ती नुस्ती बघून सांगायची. ठेकेदार बी मानायचा तिला."

मी विचारलं, "मी कुठं असायचो तेव्हा?"

"तू? तू बापाच्या कावडीमागं खाडीवर."

बा, फिकं. मॅडम जे मागत होती तेच. खाली बसलेलं, पांढरट, न हलवलेलं. ते आपल्याच भट्टीवर, माझ्यापासून दहा पावलांवर दर थंडीत होत होतं, आणि मी लाल पाण्याचे डबे बघत कशेळीला पळत होतो. तुझ्यावर माझा राग नाही. तू तरी कुठे म्हणाला होतास की कात तू करतोस? ते मीच ठरवलं. पाहुण्यांना, मॅडमला, बॉयलरवाल्याला मीच सांगत आलो, माझ्या बापाचा डोळा माझ्यात उतरलाय म्हणून.

हे पत्र खरं तर आयला लिहायला पाहिजे होतं. शेवटची काही वर्षं ती कामतघरला माझ्या खोलीत होती. मी शिफ्ट करून यायचो, ती वाढायची, मी जेवायचो आणि कूस बदलून झोपायचो. घरात मी पुस्तकं आणायचो, इंग्रजी शब्द पाठ करायचो, आणि ती दारात बसलेली असायची. तिला काही विचारावं असं तिच्यात काही असेल, हे माझ्या मनात कधी आलं नाही.

तुझं हे पत्र कुठे टाकायचं नाही, कपाटात राहील. आज सकाळी दुसरा कागद घेतला होता, आधी तिच्यासाठीच. वर 'आय' एवढं लिहिलं आणि बराच वेळ बसलो. तिच्याशी कसं बोलतात ते मला येत नाही. म्हणून तुला लिहायला घेतलं.